नव्या घराच्या पायातलं अर्थिंग की बाजारातला केमिकल खड्डा? साहित्याचं आणि कामाचं परीक्षण

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधताना अर्थिंगचा विषय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो. प्लास्टर झालेलं असतं, वायरमन डीबी, म्हणजे ब्रेकरची मुख्य पेटी, बसवायला आलेला असतो, आणि मग कंपाउंडच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन दुकानातून आणलेला केमिकल अर्थिंगचा सेट पुरला जातो. तोपर्यंत त्या प्लॉटवरचा सगळ्यात चांगला अर्थ इलेक्ट्रोड (वीज जमिनीत उतरवणारा भाग), म्हणजे घराचा पाया, मातीखाली बंद झालेला असतो आणि त्यातून वर आणलेलं एकही टोक हाताशी नसतं. बाजारात मिळणारं अर्थिंगचं साहित्य आणि पायात करायचं काम, दोन्ही इथे तोलून पाहिलं आहे. आमचा कौल आधीच सांगतो. आरसीसी पाया असलेल्या नव्या घराला पायातलं अर्थिंग हेच मुख्य असावं, आणि खड्ड्यातला इलेक्ट्रोड लागलाच तर जोडीला. अट एकच: पहिल्या फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीची) जाळी बांधण्याआधी हे ठरलेलं असलं पाहिजे.

काँक्रीट वीज वाहत नाही अशी समजूत आहे. कोरड्या, जमिनीवरच्या काँक्रीटबाबत ती बरीचशी बरोबरही आहे. पण मातीत गाडलेलं काँक्रीट आजूबाजूचा ओलावा शोषून घेतं आणि सहसा सोडत नाही. त्यातल्या सिमेंटमुळे पाणी क्षारयुक्त होतं, आणि अशा ओल्या काँक्रीटचा विशिष्ट रोध (वीज अडवण्याचा पदार्थाचा गुण; जितका कमी तितकं वहन चांगलं) साधारण ३० ते ९० ओहम-मीटर असतो, म्हणजे कित्येक ठिकाणच्या मुरमापेक्षाही कमी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अॅरिझोनाच्या कोरड्या भागात दारूगोळ्याच्या कोठारांना वीज पडण्यापासून वाचवायचं होतं. हर्बर्ट उफर या अभियंत्याने पायातल्या सळ्याच अर्थिंगसाठी वापरल्या. सुमारे २० वर्षांनी मोजलं तेव्हाही रोध २ ते ५ ओहमच्या आसपास होता. अमेरिकेच्या विद्युत संहितेत हा प्रकार तेव्हापासून रुळला आहे: किमान ५० मिमी काँक्रीटच्या वेष्टनात १३ मिमीची किमान ६ मीटर सळई. जर्मनीत डिन १८०१४ या मानकाप्रमाणे नव्या इमारतीच्या पायात अर्थ इलेक्ट्रोड घालावाच लागतो. आपल्याकडच्या आयएस ३०४३ या अर्थिंगच्या मानकालाही पायातलं पोलाद अर्थिंगसाठी वापरणं मान्य आहे. तरीही घरगुती बांधकामात ते क्वचित होतं, कारण पायाच्या वेळी वायरमन साइटवर नसतो आणि वायरमन येतो तेव्हा पाया दिसत नाही.

आता आकडे बघू, कारण दुकानातला सगळा व्यवहार "एक ओहमची गॅरंटी" या शब्दांवर चालतो. अर्थिंगचा रोध मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: मातीचा विशिष्ट रोध आणि इलेक्ट्रोडचा विस्तार. इलेक्ट्रोड कशाचा आहे याला त्या मानाने फार कमी महत्त्व. मातीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर धरला, जो ओलसर मुरमाच्या जमिनीला धरायला हरकत नाही, तर ५० मिमी व्यासाचा ३ मीटर लांब पाइप उभा पुरल्यावर सूत्राने सुमारे २९ ओहम येतात. त्याच पाइपभोवती २५० मिमी व्यासाचा खड्डा घेऊन उत्तम बॅकफिल कंपाउंड (पाइपभोवती भरायचं वाहक मिश्रण) भरलं, आणि ते कंपाउंड जणू तांब्याइतकं वाहक आहे असं मानलं, तरी रोध साधारण साडेवीस ओहमवर येऊन थांबतो. याच्या खाली तो जाऊच शकत नाही, कारण बाकीचा सगळा रोध खड्ड्याबाहेरच्या मातीत आहे. आता ९ बाय १२ मीटरचं घर घ्या. त्याच जमिनीत, सगळी फुटिंग एकमेकांना जोडून, रोध ५ ते ६ ओहम येतो. दीड मीटर चौकोनी एकटं फुटिंगसुद्धा ढोबळमानाने २० ओहमच्या आसपास बसतं, म्हणजे महागड्या केमिकल इलेक्ट्रोडइतकं. अशी डझनभर फुटिंग तुम्ही घर उभं राहावं म्हणून घालतच असता.

काळ्या मातीत चित्र थोडं वेगळं आहे. ओल्या काळ्या मातीचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असू शकतो, त्यामुळे तिथे साधा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइपही ३ ओहमपर्यंत जातो आणि केमिकल विकणाऱ्याचा आकडा खरा ठरतो. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये आकसते, भेगा पडतात, आणि वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये पाइपची बाजू मातीपासून सुटते. पावसाळ्यात घेतलेला आकडा उन्हाळ्यात टिकत नाही. फुटिंग त्या मानाने खोल असतं, वर घराचं वजन असतं, आणि घराखालची माती उघड्या अंगणासारखी वाळत नाही. कोकणातला जांभा आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा काळा पाषाण ही दुसरी टोकं आहेत. कोरड्या जांभ्याला ५०० धरले तर एकटा पाइप १४५ ओहमच्या वर जातो, आणि पाया २८ च्या आसपास राहतो. पाषाणात तर हजाराच्या पुढे गणित सुरू होतं, आणि पाइपसाठी ब्रेकर किंवा बोअरिंगची गाडी आणावी लागते. अशा जागी पायातल्या अर्थिंगला घरमालकाच्या आवाक्यातला पर्याय जवळपास नाहीच.

साहित्याकडे वळू. पायात घालायला दोनच गोष्टी लागतात: जीआय पट्टी आणि १० मिमीची साधी गोल सळई. पट्टी २५ बाय ५ मिमीची घ्यावी. २५ बाय ३ ची पट्टी दुकानात सहज मिळते, वजनाला निम्म्याच्या थोडी वर म्हणून स्वस्त पडते, पण वेल्डिंगच्या वेळी पातळ पट्टी जळते आणि जोड कच्चा राहतो. २५ बाय ५ चं वजन मीटरला ९८० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. पट्टी किलोवर विकली जाते, त्यामुळे दहा मीटरचं बंडल काट्यावर ठेवलं की जाडी खरी किती ते लगेच कळतं. ९ किलोच्या खाली भरलं तर ती साडेचार मिमीचीच आहे. जस्ताचा थर हॉट-डिपचा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला, हवा. हॉट-डिप पट्टी राखाडी, किंचित खडबडीत, कडांना कुठेकुठे जस्ताचे थेंब साठलेली असते. आरशासारखी चकचकीत पट्टी बहुधा इलेक्ट्रोप्लेटेड असते आणि तिचा थर अगदी पातळ. आयएस ४७५९ प्रमाणे ५ मिमी आणि त्यापुढच्या जाडीला दर चौरस मीटर ६१० ग्रॅम जस्त अपेक्षित आहे, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. मोठा पुरवठादार टेस्ट सर्टिफिकेट देतो; ते मागितल्यावर जो विक्रेता विषय बदलतो त्याच्याकडून पट्टी घेऊ नये. काँक्रीटच्या आत पूर्ण ५० मिमी आवरण मिळणार असेल तर बिनजस्ताची काळी पट्टीही चालते, कारण क्षारयुक्त काँक्रीटमध्ये पोलाद गंजत नाही. पण साइटवर आवरणाची खात्री कोण देणार? म्हणून जीआयच घ्यावी असं आमचं मत.

केमिकल इलेक्ट्रोडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पाइपात पाइप, आत जेल किंवा पावडर, वर टोपी, आणि सोबत २५ किलोची बॅकफिलची पिशवी, असा हा सेट असतो. बॅकफिलमधला उपयोगी घटक बहुतेक वेळा बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) असतो. भरपूर पाणी प्यायल्यावर त्याचा विशिष्ट रोध अडीच ओहम-मीटरपर्यंत उतरतो आणि फुगून तो पाइपला व मातीला घट्ट चिकटतो. हा खरा फायदा आहे, विशेषतः मुरूम आणि खडीच्या जमिनीत, जिथे नुसत्या पाइपभोवती पोकळी राहते. पाइपच्या आतल्या "केमिकल"चा मात्र जमिनीशी फारसा संबंधच येत नाही. पाइप दोन्हीकडून बंद असतो. त्याच्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. "मेंटेनन्स फ्री" हा दावाही अर्धाच खरा. पाणी घालायची गरज कमी होते, पण वरचा नट-बोल्ट, लग आणि पट्टीचा जोड तेवढाच गंजतो, आणि बहुतेक अर्थिंग तिथेच तुटतं. दर वर्षी झाकण उघडून जोड घासून आवळावाच लागतो. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यापेक्षा हा सेट निश्चित बरा. मीठ पावसाने वाहून जातं, आणि जाता जाता जीआय पाइप खाऊन जातं.

कॉपर बाँडेड रॉड हा आमच्या मते दुकानातला सगळ्यात प्रामाणिक माल, पण फक्त २५० मायक्रॉन थराचा. साधारण १७ मिमी व्यास, ३ मीटर लांबी. चुंबक चिकटला म्हणून माल खोटा ठरत नाही. आतला गाभा पोलादाचाच असतो. खरी परीक्षा कानशीची: टोकाजवळ दोन-तीन हात मारल्यावर लगेच पांढरं पोलाद दिसलं तर ते नुसतं तांब्याचं पाणी आहे. चांगल्या रॉडवर तांब्याची कड उघड्या डोळ्यांना दिसते.

प्लेट अर्थिंग नव्या घरासाठी आम्ही सुचवत नाही. ६०० बाय ६०० मिमीची ६.३ मिमी जाड जीआय प्लेट दीड मीटरहून खोल उभी पुरायची, म्हणजे खोदकाम फार, आणि मिळणारा रोध पाइपपेक्षा कमी नाही.

आता पायातलं प्रत्यक्ष काम. उदाहरण तेच ठेवू: ९ बाय १२ मीटर, १२ कॉलम, दीड मीटरची फुटिंग. पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) झाली, फुटिंगची जाळी कव्हर ब्लॉकवर बसली, की जाळीच्या कडेने आतल्या बाजूला १० मिमी गोल सळईचं पूर्ण चौकोनी वेढं फिरवायचं. एका फुटिंगला साधारण ५.६ मीटर. तीच सळई न तोडता कॉलमच्या उभ्या सळ्यांबरोबर प्लिंथ बीमपर्यंत (जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारा बीम) वर न्यायची, आणखी सुमारे २.४ मीटर. म्हणजे फुटिंगमागे ८ मीटर, १२ फुटिंगांना ९६ मीटर, वजन ५९ किलो. वर प्लिंथ बीमच्या पिंजऱ्यात २५ बाय ५ ची पट्टी सगळ्या बाहेरच्या बीममधून फिरवून वर्तुळ पूर्ण करायचं, आणि आतल्या दोन कॉलमना गाठणारी एक आडवी पट्टी घालायची: ४२ अधिक १२, म्हणजे ५४ मीटर, ५३ किलो. कापाकापी धरून एकूण १२० किलो लोखंड. घराच्या आरसीसीला लागणाऱ्या काही टन लोखंडापुढे हा खर्च जाणवतही नाही. मजुरीही बाइंडिंग करणाऱ्या गँगकडूनच होते, फक्त वेल्डर दोनदा बोलवावा लागतो: एकदा फुटिंगला, एकदा प्लिंथला.

वेगळी सळई का, घराच्याच सळ्या का नकोत, हा प्रश्न आरसीसी कन्सल्टंट विचारतोच, आणि त्याने विचारलाच पाहिजे. कारण वेल्डिंगचं आहे. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या थराला दिलेल्या उष्ण-थंड प्रक्रियेत असते, आणि साइटवरच्या बेशिस्त वेल्डिंगने तो थर त्या जागी मऊ पडतो किंवा सळई खाचते. म्हणून वेल्डिंग फक्त अर्थिंगच्या स्वतंत्र सळईवर आणि पट्टीवर करायचं. स्ट्रक्चरच्या सळ्यांना ही सळई दर दोन मीटरला यू-बोल्ट क्लॅम्पने जोडायची आणि मध्ये बाइंडिंग वायरने नेहमीसारखी बांधायची. नुसती बाइंडिंग वायर विजेच्या दृष्टीने पुरेशी नाही असं म्हणतात, आणि एखाददुसऱ्या गाठीबद्दल ते खरं आहे. पण जाळीत शेकडो गाठी असतात, त्यांच्यातून मिळणारा संपर्क चांगला असतो. क्लॅम्प त्याला खात्री देतो. पाचर ठोकून बसवायचे क्लॅम्प घेऊ नयेत. व्हायब्रेटरची नीडल लागली की पाचर ढिली होते, म्हणून जर्मन मानकानेही व्हायब्रेटर वापरलेल्या काँक्रीटमध्ये ते नाकारले आहेत.

पट्टीवर पट्टीचा जोड रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ५० मिमी ओव्हरलॅप ठेवून चारही कडांनी वेल्ड करावा. जोडावरचा जस्त जळतो, तिथे स्लॅग ठोकून काढून झिंक पेंटचे दोन हात द्यावेत. काँक्रीटच्या आतल्या जोडाला त्याशिवायही चालेल, पण बाहेर येणाऱ्या टोकाजवळ ते टाळू नये. पट्टी बीमच्या पिंजऱ्यात उभी, म्हणजे कड वर करून ठेवली तर काँक्रीट तिच्याभोवती नीट बसतं. आडवी ठेवली की खाली हवा अडकते.

बाहेर काढायची टोकं किमान चार ठेवावीत: एक मीटरच्या जागी, एक डीबीच्या भिंतीत, एक गच्चीकडे जाणाऱ्या कॉलममध्ये सोलर आणि लाइटनिंग अरेस्टरसाठी (पडणारी वीज झेलणारी गच्चीवरची सळई), आणि एक बोअरवेल किंवा पंपाच्या बाजूला. टोक जमिनीपासून ३०० मिमीवर, कॉलमच्या पृष्ठभागाशी सपाट, एम १२ आटे असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटवर संपवावं. नुसती पट्टी बाहेर लोंबती ठेवली तर सेंट्रिंग काढणारा ती वाकवतो, प्लास्टरवाला झाकतो, किंवा अडथळा म्हणून कोणी तरी ती ग्राइंडरने उडवतो. प्लेटवर सेलोटेप आणि थर्मोकोलचा तुकडा लावून शटरिंगला चिकटवली की हे सगळे प्रश्न मिटतात.

या कामात सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट आता सांगतो, कारण ती दहा वर्षांनी दिसते. काँक्रीटमधलं पोलाद विजेच्या रसायनात जवळपास तांब्यासारखं वागतं. ओल्या मातीतलं जस्त त्याच्यापुढे दुबळं ठरतं. पायाला जोडलेली जीआय पट्टी काँक्रीटमधून थेट मातीत बाहेर काढली, की माती, जस्त आणि काँक्रीटमधलं पोलाद मिळून एक बॅटरी तयार होते, आणि काँक्रीट संपतं त्या रेषेवर जस्त आधी जातं, मग लोखंड. म्हणून जीआय पट्टी कधीही मातीतून बाहेर काढू नये. ती काँक्रीटमधून थेट जमिनीच्या वर, कॉलममध्येच बाहेर यावी. मातीतून जाणं टळत नसेल तर तो भाग ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा किंवा तांब्याचा करावा. ३०४ खाऱ्या जमिनीत टिकत नाही. याच कारणाने पायाच्या अर्थिंगला जोडीचा खड्डा द्यायचा असेल तर तो कॉपर बाँडेड रॉडचा द्यावा. जीआय पाइपचा केमिकल इलेक्ट्रोड पायाला जोडला की पायाऐवजी तोच झिजत राहतो. केमिकल सेट विकताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

पायातलं अर्थिंग जिथे काम करणार नाही अशाही जागा आहेत. फुटिंगखाली किंवा राफ्टखाली प्लास्टिकची शीट अंथरली असेल, तळघराला बाहेरून बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग केलं असेल, किंवा फुटिंगला चारही बाजूंनी जाड बिटुमेन फासलं असेल, तर काँक्रीट मातीपासून तुटतं. कोकणात किनाऱ्याजवळ गंज टाळायला इपॉक्सी कोटेड सळ्या वापरतात. त्या एकमेकींना आणि काँक्रीटलाही विजेच्या दृष्टीने स्पर्श करत नाहीत, त्यामुळे तिथे स्वतंत्र सळई-पट्टीचं वेढं हाच इलेक्ट्रोड असतो, घराच्या सळ्यांची मदत शून्य. काँक्रीट मातीपासून तुटलेलं असेल अशा ठिकाणी पायात फक्त बाँडिंगसाठी (धातूचे भाग एकमेकांना जोडायला) पट्टी ठेवून, इलेक्ट्रोड म्हणून घराभोवती बाहेर एक मीटर अंतरावर, ७५० मिमी खोल, ५० चौरस मिमी तांब्याची किंवा ३१६ स्टेनलेसची रिंग टाकावी.

सोलर बसवणारे बहुधा तीन वेगळे खड्डे घेतात: डीसी, एसी आणि अरेस्टरचा. तिन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवले पाहिजेत असा आग्रह अनेकदा ऐकू येतो. हा आग्रह धोक्याचा आहे. वीज पडली की एका खड्ड्याचं पोटेंशियल हजारो व्होल्टने वर जातं, आणि शेजारचा वेगळा खड्डा खालीच राहतो. मधला फरक इन्व्हर्टर, राउटर आणि टीव्हीतून वाट काढतो. वीज पडण्यापासूनच्या संरक्षणाच्या आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेचा सल्ला एकाच जोडलेल्या अर्थिंगचा आहे. खड्डे तीन असोत, पण ते सगळे मुख्य अर्थ बारला, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात त्या पट्टीला, जोडलेले असावेत. हा बार २५ बाय ६ मिमी तांब्याचा, मीटरच्या पेटीजवळ, टेस्ट लिंकसह (मोजणीसाठी सोडवता येणारा जोड). पायाच्या टोकापासून बारपर्यंत १६ चौरस मिमी तांब्याची हिरवी-पिवळी वायर. बोअरवेलचं लोखंडी केसिंग आणि पाइप गॅस असेल तर गॅसची लाइनही या बारला जोडावी. जुन्या घरांत पाण्याच्या लोखंडी नळाला अर्थ जोडत. आता नळ सीपीव्हीसीचे आहेत, त्यामुळे तो मार्ग संपला.

कितीही चांगलं अर्थिंग केलं तरी ते आरसीसीबीची (गळणारा करंट ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचची) जागा घेत नाही, हे आम्ही मोठ्याने सांगू. घरगुती जोडणीत ग्राहकाचं अर्थिंग आणि ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग मातीतून जोडलेलं असतं, त्याला टीटी पद्धत म्हणतात. तुमचे ५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरचे ५ धरले तर गीझरची बॉडी लाइव्ह झाल्यावर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तो पडायला बराच वेळ घेईल, आणि तोपर्यंत गीझरच्या बॉडीवर शंभरहून जास्त व्होल्ट असतील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र ५ काय, ३० ओहमच्या अर्थिंगवरही सेकंदाच्या अंशात पडतो. मग पायाच्या ५ ओहमचा उपयोग काय? आरसीसीबी अडकला तरी बॉडीवरचा व्होल्टेज कमी राहतो, सर्ज प्रोटेक्टरला वाट मिळते, आणि घराची जमीन, बाथरूम, पंप, सगळं एकाच पातळीवर राहतं. बाथरूममधल्या ओल्या जमिनीखालची जाळी आणि गीझरची बॉडी एकाच बारला जोडलेली असणं हा पायातल्या अर्थिंगचा मोठा फायदा. कोपऱ्यातला कुठलाही खड्डा तो देऊ शकत नाही. न्यूट्रल आणि अर्थ घरात कधीही एकमेकांना जोडू नयेत. रस्त्यावरचा न्यूट्रल तुटला तर शेजाऱ्यांचा करंट तुमच्या अर्थिंगमधून वाहू लागतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राची बॉडी लाइव्ह होते.

मोजणी दोन वेळा करावी. पहिली काँक्रीट ओतण्याआधी: प्रत्येक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमी ओहम मोजणाऱ्या मीटरने ०.२ ओहमच्या आत रीडिंग आलं पाहिजे. साध्या मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध एवढा असतो, म्हणून तो चालत नाही. प्रत्येक जोडाचा फोटो टेप शेजारी ठेवून काढावा, कारण नंतर पाहायला काहीच उरत नाही. दुसरी मोजणी मेच्या अखेरीस, पावसाआधी, तीन खुंट्यांच्या अर्थ टेस्टरने. इथे एक चूक नेहमी होते. एकट्या पाइपसाठी खुंट्या २५ आणि ४० मीटरवर ठोकल्या तर चालतं, पण ९ बाय १२ च्या घराचा कर्ण १५ मीटर आहे, त्यामुळे लांबची खुंटी ७५ मीटरवर आणि मधली ४६ च्या आसपास हवी. प्लॉटच्या कंपाउंडमध्येच खुंट्या ठोकून दाखवलेला "०.८ ओहम" हा पायाच्या प्रभावक्षेत्रातला खोटा आकडा असतो, आणि तो कागदावर फार छान दिसतो. रस्त्याच्या कडेने वायर ताणता आली तर ती मोजणी खरी मानावी.

पाया आधीच झाला असेल तर कुठे थांबला आहे ते पाहावं. फुटिंग भरलं पण प्लिंथ बाकी असेल तर कॉलमच्या बाहेर आलेल्या सळ्यांना यू-बोल्ट क्लॅम्प लावून प्लिंथ बीमची पट्टी जोडावी, निदान चार कोपऱ्यांचे आणि मधले दोन कॉलम. फुटिंगच्या आत वेढं नसलं तरी बाइंडिंग वायरने बांधलेली जाळी बरंच काम करते, आणि वर सांगितलेल्या रोधापासून परिणाम फार दूर राहत नाही. प्लिंथही झालं असेल तर काँक्रीट फोडून सळई शोधू नये; बाहेरची रिंग किंवा दोन कॉपर बाँडेड रॉड, एकमेकांपासून किमान सहा मीटरवर, हाच मार्ग उरतो. दगडी पायाच्या लोड बेअरिंग घराला पायातलं अर्थिंग हवं असेल तर पाया भरण्याआधी चराच्या तळाशी १०० मिमीचा काँक्रीटचा थर घेऊन, पट्टी त्यात ५० मिमी वर उचलून, पूर्ण वेढ्याने टाकता येते. चर भिजलेला असताना ओतलेल्या त्या थरातून जांभ्याच्या जमिनीतसुद्धा दगडी घराला चांगलं अर्थिंग मिळतं, आणि खर्च होतो तो पट्टीचा आणि जेमतेम दोन-तीन ब्रास खडी-वाळूचा.